फुलदाणीत न मावणारी फुलं

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी तेहतीस वर्षं नोकरी केली. उसाचा रस काचेच्या नळीत घ्यायचा, उजेडासमोर धरायचा, यंत्रावरचा आकडा वहीत लिहायचा आणि पुढची नळी उचलायची, हे माझं काम. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन माळेगावच्या घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून, केसांवरून कंगवा फिरवून दारात उभा राहिलो. बायको आतून म्हणाली, "अहो, कुठं निघालात?" मी चपला काढून परत आत आलो.

पुढचा महिनाभर मी स्वयंपाकघरात सुधारणा सुचवत होतो. चहात साखर किती टक्के पडली हे एका घोटात सांगायला लागलो, तेव्हा बायकोनं वर्षभराची वर्तमानपत्रं सुतळीनं बांधून माझ्या हातात दिली आणि मला बारामतीला रद्दीच्या दुकानात पाठवलं. लवकर आला नाहीत तरी चालेल, असंही सांगितलं.

त्या दुकानात एका फाटक्या इंग्रजी पुस्तकाचं मोठं पान मला दिसलं. काळोखातून वर आलेला फुलांचा गुच्छ. पांढरे गुलाब, खसखशीची तांबडी फुलं, मागं कसल्याशा निळ्या घंटा, आणि खाली संगमरवरी कट्ट्यावर गळून पडलेली एक पाकळी. त्या पाकळीवर पाण्याचा थेंब होता. वाकून बघितलं तर त्या थेंबात एक खिडकी दिसत होती. पानाच्या तळाशी एवढंच छापलेलं होतं की हे एकोणिसाव्या शतकातलं, कापडावर तैलरंगात केलेलं चित्र आहे. चित्रकाराचं नाव असलेला कोपरा उंदरांनी खाल्ला होता. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, न्या की, त्याचं वजन बी भरत न्हाय.

शाळेत असताना मी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या आणि त्यातल्या एकीत पास झालो होतो. तेवढ्या जोरावर मी ठरवलं की या चित्राची नक्कल करायची. रंग आणले, कॅनव्हास आणला, पडवीत उत्तरेच्या खिडकीपाशी कॅनव्हास टेकवायचा लाकडी घोडा मांडला. पहिला गुलाब आठ दिवसांत झाला. बायकोनं चहा ठेवता ठेवता बघितलं आणि अगदी सरळपणानं विचारलं की कोबीच्या गड्ड्यानंतर फ्लॉवर काढणार आहात का. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच ती भाजी वाटली होती.

मग मी सरांना शोधून काढलं. सर म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक. ते कळंबला राहायचे. एका रविवारी मोटारसायकलवर चित्र पाठीला बांधून मी त्यांच्या दारात गेलो. सरांनी माझ्या गुलाबाकडे एकदाच पाहिलं आणि तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. छापील पान मात्र टेबलावर पसरलं, कपाटातून भिंग काढलं आणि मला जवळ बोलावलं.

"या पांढऱ्या गुलाबात पांढरा रंग कुठं आहे, दाखवा," ते म्हणाले.

मी सगळीकडे आहे म्हणालो. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. दहा मिनिटं शोधल्यावर मी भिंग खाली ठेवलं. पाकळ्यांच्या सावलीत करडा होता, हिरवट होता, थोडा मातकट पिवळा होता. अस्सल पांढरा सगळ्या गुलाबांत मिळून ज्वारीच्या चार दाण्यांएवढा असेल, आणि तोही जिथं उजेड थेट पडतो तिथं, जाडसर, बोटाला लागेल असा.

"तुम्ही फूल काढायला बसलात," सर म्हणाले. "या माणसानं आधी उजेड काढला, मग अंधार काढला. फूल सगळ्यात शेवटी आलं."

त्या रविवारी त्यांनी मला जी पद्धत सांगितली ती अशी. आधी सगळ्या कापडाला पातळ तपकिरी हात द्यायचा. तो वाळला की सगळं चित्र फक्त करड्या रंगात करायचं, कुठं किती उजेड आणि कुठं किती सावली एवढंच बघायचं. या थराला ते मेलेला थर म्हणत. तो पूर्ण वाळल्यावर त्याच्यावर रंग चढवायचा, पण इतका पातळ की खालची सावली त्याच्यातून दिसत राहील. खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्यांत जास्त, हे त्यांनी तीनदा बजावलं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा ओला थर मागाहून हलतो, आणि चित्राला भेगा पडतात. हे मला लगेच पटलं. एकातून एक दिसणारे पातळ थर मी तेहतीस वर्षं नळीत बघत आलो होतो. दोन महिने करड्याशिवाय दुसरा रंग उघडायचा नाही, या अटीवर सरांनी मला शिष्य करून घेतलं.

पडवीभर जवसाच्या तेलाचा वास भरला. येणारा जाणारा विचारायचा, आज जवसाची चटणी केली वाटतं. बायको हो म्हणून मोकळी व्हायची. करड्या गुलाबांचं काय चाललंय हे समजावून सांगण्यापेक्षा तिला ते सोपं वाटायचं.

अशात एके दिवशी तात्या आले. तात्या माझे चुलतभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी थोरले. कऱ्हाटीला विहिरीच्या पाण्यावर त्यांचा भाजीपाला आणि फुलं असतात. शेवंतीच्या जुड्या बांधण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. बारामतीला माल टाकला की कधीतरी वाट वाकडी करून ते आमच्याकडे चहाला यायचे. त्यांनी पडवीतला घोडा पाहिला, त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि फुलांवर राख कुणी टाकली म्हणून विचारलं. मी त्यांना मेलेल्या थराबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मग शेजारी टाचणीनं लावलेलं छापील पान काढून अगदी डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ ते ओठ हलवत काहीतरी मोजत होते.

"ह्यो माणूस खोटं बोलतोय," ते शेवटी म्हणाले.

मी विचारलं, कोण.

"ह्यो चित्रवाला. वर बत्तीस फुलं हायत. बत्तीस काड्या ह्या फुलदाणीच्या तोंडात मावत न्हाईत. हे फूल बघ, हितं वर हाय. ह्याची काडी आत न्यायची म्हटलं तर मधल्या गुलाबाच्या पोटातनं न्यावी लागंल."

मी पेन्सिलनं रेषा ओढून बघितल्या. खरंच, निम्म्या फुलांना देठ असायला जागाच नव्हती. महिनाभर मी तो गुच्छ पाकळी पाकळी करून निरखत होतो, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आयुष्यभर जुड्या बांधणाऱ्या माणसानं ते एका चहात ओळखलं होतं. शिवाय जाता जाता ते म्हणाले की खसखस फुलते तेव्हा ह्या एवढ्या फुलांतली बाकीची समदी फुलत असतील असं मला वाटत न्हाय, तुझ्या सरांना इचार.

मी पुढच्या रविवारी विचारलं. सर इतके खूश झाले की त्यांनी मला आत बोलावून पोहे खायला घातले. तात्या बरोबर बोलत होते. ते जुने चित्रकार बागेत जे फूल ज्या वेळी उमलेल त्याचा एकट्याचा अभ्यास करून ठेवायचे. एक वसंतात, एक उन्हाळ्यात, एक पानगळीत. मग ते कागद समोर मांडून गुच्छ जुळवायचे. तो गुच्छ कुणाच्याच घरात कधी नव्हता, फक्त कापडावर होता. सर म्हणाले, नक्कल पुरे झाली, आता हेच तुमच्या मुलखातल्या फुलांचं करा. आणि तुमच्या तात्यांना धरा.

तात्यांना धरावं लागलं नाही. त्यांनी त्याच आठवड्यात फोन करून मला कोणत्या महिन्यात काय फुलतं त्याची यादी सांगितली. फुलदाणी म्हणून त्यांनी आपल्या घरातली एक पितळी कळशी आणून दिली. तिला एका बाजूला पोचा आला होता. तो पोचा चित्रात दिसता कामा नये, एवढीच त्यांची सूचना होती.

भेंडीचं फूल कुणी नीट बघत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष भेंडीकडे असतं. फिकट पिवळी, रेशमी पाकळी आणि आत खोल गळ्यात गर्द वांगी रंग. सकाळी ते उघडतं आणि दुपार कलायच्या आत मिटतं. म्हणून मी आठ दिवस रोज सकाळी कऱ्हाटीला गेलो आणि रोज नवं फूल समोर ठेवून तेच एक फूल काढत राहिलो. सरांनी शिकवल्याप्रमाणे आधी पिवळं पूर्ण वाळू दिलं आणि मग वांगी रंग तेलात पातळ करून वरून चढवला. पिवळा खालून दिसत राहिला आणि गळ्याला खोली आली. दव हवं म्हणालो तर तात्यांनी फवारणीचा पंप तीन पाण्यांनी धुतला, त्यात विहिरीचं पाणी भरलं आणि फुलावर इतक्या हळुवारपणे तुषार सोडले की मी बघत राहिलो.

थेंब काढताना मी चुकलो. थेंब पांढरा असतो असं समजून मी पांढरा ठिपका दिला आणि पाकळीवर भात सांडल्यासारखं दिसायला लागलं. खरं म्हणजे थेंबाला स्वतःचा रंगच नसतो. ज्या बाजूनं उजेड येतो तिथं एक बारीक चमक, पण तीच बाजू आतून काळसर असते. उजेड थेंबातून आरपार जातो आणि पलीकडची कड उजळते. हे मला तात्यांनी काडीनं दाखवलं. त्यांना नजरेनं कितपत दिसत होतं याची मला तेव्हा शंका आली नाही. पुढं कळलं की ते आठवणीतून बोलत होते.

दोडक्याचं फूल याच्या उलट. ते संध्याकाळी उमलतं. म्हणजे भेंडी आणि दोडका एकाच वाफ्याशेजारी वर्षानुवर्षं असून त्यांच्या फुलांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं. अडचण अशी झाली की भेंडीवर सकाळचा पूर्वेचा उजेड होता आणि दोडक्यावर मावळतीचा. एकाच कळशीतल्या दोन फुलांवर दोन दिशांनी उजेड येऊन चालणार नव्हतं. मी हातात ब्रश घेऊन विचार करत बसलो होतो. तात्या म्हणाले, सूर्य जागचा हालत नसंल तर आपन हालायचं, आणि स्टूल उचलून दोडक्याच्या मांडवाच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवलं. तिथून उजेड भेंडीवरच्यासारखाच डावीकडून येत होता. प्रश्न मिटला.

खरा वाद कांद्यावरून झाला. कांदा फुलावर आला की त्याला डेंगळा म्हणतात. उंच पोकळ दांडा आणि टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचा चेंडू. चित्राच्या दृष्टीनं त्याच्यासारखं फूल नाही. पण विक्रीच्या कांद्यात डेंगळे निघणं म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडाला काळं. मी मागितले तेव्हा तात्यांनी थंडपणे सांगितलं की आमच्या रानात डेंगळं न्हाईत. मी बांधावर उभा होतो आणि मला तिथून सतरा दिसत होते. दुसऱ्या दिवशी गेलो तर सतराही उपटलेले. वहिनींनी मला डोळ्यानं खुणावलं, पुरावा गोठ्यामागं टाकलाय.

"चित्र टिकनार किती वर्सं?" तात्यांनी विचारलं.

नीट केलं तर शंभर वर्षं सहज, असं मी अभिमानानं सांगितलं.

"मग शंभर वर्सं लोकं म्हननार, ह्याच्या कांद्याला डेंगळं आलं हुतं."

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग तोडगा निघाला. डेंगळे चित्रात येतील, पण अगदी मागं, अंधारात, कुणी मुद्दाम शोधले तरच सापडतील असे. सर म्हणाले, उत्तम, मागच्या अंधारात विरणारं काहीतरी हवंच होतं. जुनी चित्रं खोल वाटतात ती यामुळंच. पुढच्या फुलाची कड धारदार ठेवायची आणि मागच्याची कोरड्या मऊ ब्रशनं पुसून अंधारात सोडून द्यायची.

असं वर्ष गेलं. शेवंती थंडीत झाली, डाळिंबाची फुलं पाणी तोडून बहार धरल्यावर झाली. शेवटी सगळे अभ्यास पडवीच्या भिंतीला लावून मी मोठ्या कापडावर गुच्छ जुळवला. कळशीच्या तोंडात किती काड्या मावतील याचा हिशेब तात्यांनीच सोडून दिला होता. आता हाय त्यात आनखी चार बसव, म्हणायचे. खोटं बोलण्यात तेही सामील झाले होते.

पण चित्र पुरं व्हायला आलं तसे ते मागं लागले की मागचं काही दिसत नाही. पानं कुठं गेली, एवढी पानं काढलीस ती दाखवायला का लाजतोस. मी म्हटलं, ती मुद्दाम अंधारात आहेत. ते म्हणाले, अंधारच दिसतोय, पानं न्हाईत. वर्षभर ज्या माणसानं फुलं पुरवली, पंप धुतले, स्टुलं उचलली, त्याला नाही कसं म्हणायचं. मी मागची पानं थोडी उजळली. ते पुन्हा आले, अजून दिसत नाहीत म्हणाले. मी अजून उजळली. तिसऱ्या खेपेला पानांबरोबर डेंगळेही उजळले, आणि तात्या समाधानानं म्हणाले की आता कुठं जरा जीव आला.

सरांनी ते बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. "आधी एक जण बोलत होता आणि बाकीचे ऐकत होते," ते म्हणाले. "आता सगळे एकदम बोलतायत." मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. पण तात्यांना हे कोण सांगणार. मी कळंबहून येताना पूर्ण रस्ता वाक्यं जुळवत होतो आणि घरी आल्यावर त्यातलं एकही वापरलं नाही.

सुटका बायकोनं केली, तीही चित्राकडं न बघता. तात्या बशीत चहा ओतत होते आणि धार बशीच्या बाहेर पडत होती. तिनं फडकं आणलं, पुसलं आणि शांतपणे विचारलं, "तात्या, डोळे कधी दाखवले होते?" तात्या म्हणाले, डोळं हायत तितंच हायत. ती म्हणाली, उद्या अकरा वाजता तयार राहा. तिच्यापुढं तात्यांचं काही चालत नाही, माझंही नाही. बारामतीला तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि उजव्यात चांगलाच पिकलेला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि महिन्यानं डाव्याचं ठरलं.

पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी ते आले, काळा चष्मा लावून, अगदी रुबाबात. पडवीत येऊन चष्मा काढला. आधी डावा डोळा झाकून बघितलं, मग उजवा झाकून, मग परत डावा. ह्या डोळ्यानं धुतल्यावानी दिसतंय, ते पुटपुटले, आनि ह्या डोळ्यानं चहात बुडवल्यावानी. मग ते चित्राकडं वळले.

"हे डेंगळं पुढं कुनी आनलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुमीच, तात्या."

ते स्टुलावर बसले. काळा चष्मा हातात फिरवत राहिले. त्यांना राग आलाय असं मला वाटलं, पण ते दुसऱ्याच विचारात होते. मग त्यांनी सांगितलं की गेली तीन वर्षं ते शेवंतीची फुलं बोटांनी निवडत होते. कोणतं ताजं आणि कोणतं कालचं, हे पाकळी दाबून कळायचं. दिसत नाही हे त्यांनी वहिनींनाही सांगितलं नव्हतं. उजेड कमी झालाय, दिवसच बारके झालेत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. सांगताना ते हसत होते, पण मला हसता येईना. माझ्या थेंबाची उजळलेली कड त्यांनी कशी दाखवली, ते मला तेव्हा समजलं.

"समदी पानं दारात गर्दी करून उभी हायत," ते चित्राकडं बोट करून म्हणाले. "मागची मागं जाऊ दे की. जातील का आता?"

मी सरांना फोन केला. सरांनी सांगितलं की पुसू नका, खरवडू नका. गर्द तपकिरी आणि निळा मिसळून भरपूर तेलात पातळ करा, काचेवर घेतला तर पलीकडचं अक्षर वाचता आलं पाहिजे इतका पातळ. आणि तो मागच्या सगळ्या भागावर एका हातात ओढा. मग जिथं उजेड राहायला हवा तिथं कापडानं, नाहीतर बोटानं, टिपून घ्या. खालचं वाळलेलं आहे, त्याला काही होणार नाही.

सांगायला सोपं होतं. वर्षभराच्या कामावर काळपट रंग ओढायला माझा हात उठेना. मिश्रण मी काचेच्या पट्टीवर घेऊन खिडकीसमोर धरलं. पातळ काकवीसारखा रंग होता, आणि उजेडासमोर काच धरण्याची सवय तेहतीस वर्षांची. हाताला धीर आला. मी रुंद ब्रश भरला आणि वरच्या कोपऱ्यातून ओढायला सुरुवात केली. पानं एकेक करून मागं सरकली. पुसली गेली नाहीत, होती तिथंच राहिली, फक्त कुणीतरी खोलीचं दार लोटून घ्यावं तशी आत गेली. डेंगळ्यांवर ब्रश फिरला तेव्हा तात्या पुढं झुकले. दोन पांढरे चेंडू धुरकट झाले आणि अंधारात विरले. एकाच्या कडेवरचा रंग मी बोटानं टिपून घेतला, तिथं चिमूटभर उजेड राहिला.

तात्या उजव्या डोळ्यानं अगदी जवळून बघत होते. एवढा एक राहू दे, ते म्हणाले, कुनी इचारलं तर म्हनू बियान्याचा कांदा हाय. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला फूल यावंच लागतं.

पुढं इंदापुरात काही चित्रकला शिक्षकांनी मिळून शाळेच्या हॉलमध्ये हौशी लोकांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं, तिथं सरांनी माझं चित्र लावलं. तो बाजाराचा दिवस होता, त्यामुळे चित्रं बघायला आलेल्यांपेक्षा पिशव्या घेऊन सावलीला आलेले लोक जास्त होते. माझ्या चित्रासमोर मात्र गर्दी जमली आणि हटेना. मी जरा छाती काढून जवळ गेलो. तिथं भेंडीच्या वाणावर चर्चा चालली होती. एक जण डाळिंबाचं फूल बघून तो कोणत्या हंगामाचा बहार ते सांगत होता. मग पागोटंवाले एक म्हातारबाबा पुढं झाले आणि भेंडीच्या पानावर बोट ठेवून म्हणाले की ह्याच्यावर केवडा आलाय. केवडा म्हणजे भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग. त्याला उपाय नाही, झाड उपटावंच लागतं आणि तो पसरवणाऱ्या माशीसाठी बाकीच्या रानात फवारा मारावा लागतो. चारपाच माना डोलल्या. व्हय की, शिरा पिवळ्या हायत, कुणीतरी दुजोरा दिला.

त्या पानावर मी पंधरा दिवस घालवले होते. मागून उजेड आला की पान आतून पेटल्यासारखं होतं आणि शिरा सोनेरी दिसतात, तो परिणाम साधायला मी हिरव्यावर पिवळ्याचे तीन पातळ थर दिले होते. मी तोंड उघडणार एवढ्यात तात्या गर्दीतून पुढं आले. तोपर्यंत दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना कुणाचं काही चुकीचं ऐकून घ्यायची इच्छा उरली नव्हती.

"आबा, तो रोग न्हाय, उजेड हाय," त्यांनी सांगितलं. "हे पान माज्या रानातलं हाय. उजेड मागनं आला की पान असंच दिसतं. जरा हितं उभं ऱ्हावा आनि खालनं बघा."

आणि त्यांनी त्या म्हाताऱ्याला खांद्याला धरून चित्रासमोर नीट उभं केलं. मग खालचा करडा थर, वरचा पातळ रंग, पुढची धारदार कड आणि मागची पुसलेली कड, सगळं समजावून सांगितलं. पांढरा रंग कुठं आहे दाखवा, म्हणून एका तरुणाला कोड्यात टाकलं. सर दाराशी उभे राहून ऐकत होते. ते मला हळूच म्हणाले की एवढं नीट मी तुम्हालासुद्धा शिकवलं नव्हतं. म्हातारबाबांनी सगळं ऐकून घेतलं, पान परत एकदा बघितलं, आणि जाता जाता सांगितलं की ते समदं बरोबर आसंल, पर त्या रानात फवारा मारून ठिवा.

चित्राला बक्षीस मिळालं नाही. ते एका घाटाच्या चित्राला मिळालं, आणि ते चित्र चांगलं होतं. माझं चित्र कऱ्हाटीला तात्यांच्या बाहेरच्या खोलीत टांगलेलं आहे. मी ते तिथं नेलं त्या दिवशी वहिनींनी पुरणपोळी केली होती. तात्यांनी खिळा तीनदा काढून परत ठोकला, कारण उजेड डावीकडून यायला हवा होता. मी सध्या करडईच्या फुलापाशी अडकलोय. त्याच्या काट्यांची टोकं काढताना ब्रशला दोन केस जास्त होतात, म्हणून बायकोनं तिची नखं कापायची बारीक कात्री मला दिली आहे, परत करायच्या अटीवर.